वेणी राहिली, मिशी गेली

आमच्या घरात दुष्काळाचं खापर माझ्या वेणीवर फुटलं. नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी यायचं आणि गच्चीवरची टाकी दुसऱ्याच दिवशी खडखडाट. आईने सगळ्यांना अंघोळीला एकेक बादली ठरवून दिली, तरी तेच.

"टाकी ही पिते," बाबांनी माझ्या वेणीकडे बोट दाखवलं. "रविवारी माझी दाढी-मिशी आटोपली की हिचा नंबर. घरचं सलून आहे, फुकटात कापतो."

बाबांचं नाक्यावर सलून आहे. दुकानात पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब. केसांवर फवारा, वस्तरा बुडवायला एक वाटी, आणि गिऱ्हाइकाला पाणीबचतीवर भाषण मोफत. वर ती मिशी! दोन्ही टोकं अशी पिळलेली, की दुकानाला पाटीची गरजच नाही.

आता माझ्या वेणीबद्दल. चौथीत उवा झाल्या तेव्हा बाबांनीच माझा चकोट केला होता आणि अख्खा वर्ग मला 'टरबूज' म्हणायचा. तेव्हापासून वाढवलेली ही वेणी. आता ती कंबरेला लागते, मी वर्गात हात वर करून बोलते, आणि टरबूज म्हणायची कुणाची टाप नाही. ती वेणी रविवारी जाणार? हॅट!

"आधी गुन्हा सिद्ध करा," मी म्हटलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" बाबा मिशी पिळत म्हणाले.

आत्या आमच्याकडेच राहते. तिने चष्म्यावरून पाहिलं. "दादा, पोरगी बरोबर बोलतेय. ती चौथीत होती तेव्हासुद्धा तू असाच घाईला आला होतास."

मग मी कामाला लागले. शनिवारी टबात उभी राहून केस धुतले. सांडलेलं सगळं पाणी टबात, आणि तो टब सगळ्यांसमोर आणून ठेवला. बादलीभरसुद्धा नव्हतं. आईने त्यात फरशी पुसून घेतली, उरलेलं संडासात ओतलं.

"म्हणजे ही नव्हेच," आई म्हणाली.

"एका दिवसाने काय होतंय?" बाबा म्हणाले. "रविवार म्हणजे रविवार."

आता संशयित उरले किती? आई भांडी राखेने घासते आणि वाटीभर पाण्यात विसळते. आत्या तर तोंड धुतलेलं पाणी कुंडीत घालते. राहता राहिलं बेसिन. तिथे रोज सकाळी दार लावून बाबा दाढी करतात आणि गुणगुणतात.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. बेसिनखालचा पाइप काढला आणि त्याच्या जागी बादली सरकवली. बेसिनखाली वाकून बघतंय कोण?

बाबा आत गेले. दार लागलं. नळ सुटला तो सुटलाच. वर गाणं सुरू. मी, आई आणि आत्या बाहेर कान लावून उभ्या.

"नळ बंद का करत नाहीत हे?" आईचा आवाज चढायला लागला.

"श्शू," मी म्हटलं. "पुरावा भरतोय."

गाण्याने वरची पट्टी गाठली आणि तेवढ्यात बादली भरून वाहिली. थंडगार पाणी थेट बाबांच्या पायांवर.

"आई गं!"

गाणं थांबलं. नळ मात्र चालूच.

दार उघडलं. बाबांच्या हातात वस्तरा, पायाखाली तळं, आणि मिशी... एका बाजूला पिळलेली, दुसऱ्या बाजूला साफ सपाट. आत्याने पदर तोंडात कोंबला, पण खांदे गदागदा हलत होते.

"अहो, दुकानात वाटी आणि घरात धबधबा?" आई म्हणाली.

"दुकानात गिऱ्हाईक बघतं," बाबा पुटपुटले. "आणि वाहत्या धारेशिवाय माझा हात चालत नाही गं."

"चालला की! चांगलाच चालला."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. आमचे पाषाण चांगलेच ओले होते.

मला वाटलं, आता रागाने वेणी जाणारच. मिशी जावी असं माझ्या मनात खरंच नव्हतं. मला फक्त चोर पकडायचा होता. मी वेणी दोन्ही हातांनी धरून उभी. बाबांनी आरशात पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाइप कुणी काढला?"

"मी."

"पाना कुठून आणलास?"

"तुमच्याच पेटीतून."

"जागेवर ठेवलास?"

"हो."

"हं." त्यांनी नळ बंद केला. बादलीतल्याच पाण्यात वस्तरा बुडवून उरलेली मिशी उतरवली. "घरातलं कापायचं ते कापून झालं. जा, वेणी घाल."

मी टुणकन उडी मारली आणि तळ्यात सपशेल घसरले.

दुपारी मी डबा द्यायला सलूनमध्ये गेले. बाबा एका गिऱ्हाइकाला ऐटीत सांगत होते, "पाणी वाचवायला काढली मिशी. त्याग केल्याशिवाय दुष्काळ हटत नाही साहेब. तुमचीही काढू का?"

गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं. "खरं का गं?"

बाबांनी आरशातून डोळे वटारले. मी वेणी पुढे घेतली, तिचं टोक सावकाश फिरवलं आणि म्हटलं, "अगदी खरं, काका. मी स्वतः बाहेर उभी होते."