गीझरच्या लाइनवर इटली

"मग धाकट्या जावेनं मृत्युपत्र लपवलं कुठं?"

"पिठाच्या डब्यात."

"आणि थोरली गप्प बसली?"

"थोरलीला कुठं माहितीये? ती दवाखान्यात बेशुद्ध. सोमवारपासून डोळा उघडला नाही तिनं."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. आमची कंपनी गीझर विकते आणि ही तक्रारींची लाइन. पाणी तापत नाही, तापलं तर फार तापतं, नळ ठिबकतो, एवढंच इथे बोलायचं असतं, तेही चार मिनिटांत. हा फोन एकोणीस मिनिटांचा होता. त्यात गीझर एकदाच आला होता, सुरुवातीला, तोंडदेखला.

ऑपरेटरांचे फोन तपासणं हे माझं काम. चौदा वर्षं कान लावून बसले आहे. जेवणाच्या खोलीत मी शिरले की सगळ्यांना एकदम भूक लागते आणि माना खाली जातात. पाठीमागे मला 'भिंत' म्हणतात, भिंतीला कान असतात म्हणून. नवरा म्हणतो, "माझ्या घोरण्यालासुद्धा दहापैकी मार्क देशील तू." देईनही.

फोन सात नंबरच्या टेबलाचा होता. तिथली बाई पन्नाशीची, कायम तोच राखाडी स्वेटर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशी माणसं मला आधीपासूनच खटकतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गरीब गाईनं ग्राहकांचे पत्ते बाहेर पुरवले होते. एक म्हातारं जोडपं परगावी गेलेलं असताना चोरांनी त्यांचं घर धुऊन नेलं. ते फोन मीच तपासले होते आणि मला काडीचाही संशय आला नव्हता. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

मी मागचे फोन काढले. दर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तोच नंबर, एक आजोबा, आणि "सात नंबरच्या बाई द्या" ही तीच मागणी. असे नऊ फोन निघाले. नेहमीप्रमाणे मी ते दीडपट वेगानं लावले आणि 'शांतता वगळा' हे बटण दाबलं. आमच्यात सगळेच दाबतात. ग्राहक चष्मा शोधायला जातो, कागद शोधायला जातो, ते कोण ऐकत बसणार?

प्रत्येक फोनची पहिली दहा मिनिटं टीव्हीवरच्या मालिकेची. बाई दिवसभर इथे, त्यामुळे आजोबा तिला दुपारचे भाग सांगायचे. मग प्रवास सुरू व्हायचा.

"या खेपेला कुठं, काका?"

"सिसिली. इटली केली, पण खालचा तुकडा राहिला होता. समुद्रापर्यंत लिंबाच्या बागा आहेत म्हणे."

"आणि ग्रीस?"

"ते मार्चमध्ये झालं की! पांढरी घरं, निळी दारं. पायऱ्या चढून चढून गुडघे गेले."

मार्चमध्ये ग्रीस, एप्रिलमध्ये पोर्तुगाल, मेमध्ये स्पेन. माणूस आहे की विमान? आणि मंगळवार एकही चुकलेला नाही, सगळे फोन घरच्या लँडलाइनवरून. जो माणूस घराबाहेर पडलेला नाही तो देश मोजून दाखवतो, म्हणजे या देशांच्या नावांत काहीतरी खूण असणार. मी कागदावर देश आणि तारखा मांडून बसले. नवव्या फोनमध्ये मला हवं ते सापडलं.

"किती दिवस घर बंद?"

"पंधरा."

"किल्ली कुणाकडे असते, काका?"

मी खुर्चीत ताठ झाले. रिपोर्ट त्याच दुपारी गेला.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.

"हे काय चाललंय?"

"गप्पा, सर."

"किल्लीच्या?"

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही सगळं ऐकलंत ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हणाले.

चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितल्यावर तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं, पट्टा नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वीचा डाग धुतला गेल्यासारखं.

चौथ्या दिवशी कायदा विभागानं पुरावा म्हणून नववा फोन मागितला, काटछाट न केलेला. प्रत बरोबर आहे ना, हे बघायला मी बटण बंद करून तो साध्या वेगानं लावला. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की आमचं यंत्र त्याला शांतता समजतं. हे मला माहीत होतं, पण वर्षानुवर्षं कुणी त्याचा विचार केला नव्हता.

"किल्ली कुणाकडे असते, काका?"

बराच वेळ नुसती घड्याळाची टिकटिक. मग आजोबा, अगदी खोल गेलेल्या आवाजात, "कुणाकडे असणार? ही होती तेव्हा हिच्याकडे असायची."

सात नंबरनंही आवाज उतरवला, शेजारच्या टेबलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आपलं फिरणं राहू दे बाजूला. एक किल्ली शेजारी देऊन ठेवा. न्हाणीघरात पाय घसरला तर दार कोण उघडणार? मंगळवारी फोन आला नाही तर मी काय समजायचं?"

"तिला इटली बघायची होती गं. तिकिटं काढून झाली होती. आता बसल्या जागी करतोय एकेक."

"मग मलाही न्या. मी तरी कुठं गेलेय?"

मी ते तीनदा ऐकलं. अक्षर न् अक्षर, असं म्हणाले होते मी तिच्या तोंडावर. लाजेनं कान तापले.

साहेबांकडे गेले. "सर, माझी चूक झाली. रिपोर्ट मागे घ्यायचाय."

"तो वर गेला. आता तुमची चूक तुम्हाला लेखी द्यावी लागेल. बढतीचं वर्ष आहे, विचार करा."

"कागद द्या."

लिहून दिलं. साहेब म्हणाले, महिना-दोन महिने लागतील, मग बघू. सात नंबरला मी संध्याकाळी घरून फोन केला. तिनं उचलला नाही. मीही उचलला नसता.

मंगळवारी आजोबांचा फोन चार नंबरकडे गेला. चार नंबर चुणचुणीत आहे, वेळेचा पक्का.

"सात नंबरच्या बाई द्या."

"त्या सुटीवर आहेत, सर."

"सुटीवर? बाहेर गेलीय?"

"हो सर, बाहेरच."

"इटलीला?"

चार नंबरच्या मागे सहा फोन खोळंबले होते. "हो सर."

आजोबा मोठ्यानं हसले. हे हसू कुठल्याही बटणानं वगळलं नसतं. "बघा! मला न सांगता गेली. मजा करू दे पोरीला."

"गीझरची काही तक्रार, सर?"

"नाही, पाणी तापतंय. ती येईपर्यंत फोन नको ना करायला?"

"गरज नाही, सर."

एक मिनिट दहा सेकंद. माझ्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न असतो, ऑपरेटरने ग्राहकाला खरी माहिती दिली का? मी 'हो'वर खूण केली.