मधोमध गुडघाभर

तलावात पाणी निम्म्याच्या वर आहे, असं मी सकाळी छातीठोकपणे सांगितलं आणि खालच्या गावासाठी धरणाचं दार उघडायला लावलं. खालच्या गावात माझी आई आणि धाकटा भाऊ राहतात. त्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि मला टोमणे मात्र रोज. "ताई, तू धरणाची मालकीण आणि आम्ही बादल्या घेऊन वणवण!" असं बारक्या म्हणायचा. आज त्याचं तोंड बंद होणार, म्हणून मी भलतीच खुशीत होते.

नदीवरच्या सगळ्या धरणांचे आकडे माझ्या पडद्यावर येतात. यंत्र पाण्याची उंची मोजतं, त्यावरून साठा किती ते संगणक सांगतो. या तलावाच्या मध्यावर एक तरंगतं यंत्र आहे, पाणी पिण्याजोगं आहे का ते बघणारं. ते दुपारी मुकं झालं. ऑफिसात बसून कंटाळले होते, म्हणून नावाडीकाकांबरोबर मीच निघाले. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

होडीला असा हिसका बसला की मी फळीवरून घसरले.

"कुठे घातलीत होडी, काका? काठाला लागलो की काय!" मी खेकसले.

"काठ आहे कुठे, बघा तरी बाई."

खरंच, दोन्ही काठ लांब होते. काकांनी वल्हं खाली खुपसलं, ते काळ्या चिखलाने माखून वर आलं. एखादा उंचवटा असेल, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी विजार दुमडली आणि सरळ उतरले. मी किंचाळलेच. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं. ते पाय ओढत पुढे गेले, मग उजवीकडे, मग डावीकडे.

"इथेही तेच, बाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

उंची मोजणारं यंत्र खोटं बोलत नव्हतं, पाण्याची पातळी ते सांगत होतं तिथेच होती. पण संगणकाच्या मते तळ अजून धरण नवीन होतं तेव्हाइतकाच खोल. इतकी वर्षं नदी माती आणत राहिली आणि इथे कोणी खाली हात घालून बघितलं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या निम्म्या साठ्यात बराचसा गाळ होता. जे काय खरं पाणी होतं, ते मी सकाळपासून सोडून देत होते. असंच चालू राहिलं तर वरच्या-खालच्या सगळ्याच गावांचे नळ कोरडे पडणार होते.

मी दारावरच्या माणसाला फोन लावला. "दार बंद करा."

"बाई, सकाळीच तर उघडायला लावलंत! चेष्टा करताय काय?"

"बंद करा म्हणते ना! साहेबांना मी सांगते." माझा आवाज चिरकला.

फोन ठेवते तोच आईचा आला.

"आलं गं पाणी! म्हटलं, आधी पोरीला कळवू."

मागे नळ धो धो वाहत होता. "मानलं, ताई!" बारक्या ओरडला.

काका अजून तसेच पाण्यात उभे होते, माझ्याकडे बघत.

"आई, भरून ठेव," मी म्हणाले. "पिंप, बादल्या, पातेली, सगळं."

"अगं, आता कशाला? आता रोज येणार ना?"

"भर, आई. वाट्यासुद्धा भर."