भद्रेच्या पाच घटका

जयसिंगाच्या म्हशीला पहाटेपासून कळा येत होत्या. मार्गशीर्षातलं ढगाळ आभाळ, सावली कुठं पडेना, गोठ्यात चिखल. पारडाचा एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. बायको बायडाबाई हाताला तेल चोपडून पुढं झाली, तर जयसिंगानं तिचं मनगट धरलं.

"हात लावू नगंस. भद्रा हाय."

"भद्रा तुमच्या डोस्क्यात हाय. म्हस मरंल की वं!"

"श्रीधरभटांनी सांगितलंय."

सवाई माधवरावांचं राज्य. हडपसरला पाटलाघरी गोरज मुहूर्ताचं लग्न, म्हणून हे जोशी पुण्याच्या कसब्यातून सकाळीच आले होते. बगलेत पंचांग, पिशवीत बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची. पाणी चढून बुडाली की एक घटका. जयसिंगानं त्यांना घंगाळासकट गोठ्यात आणलं.

"भद्रेत केलेलं काम नासतं," ते म्हणाले. "पाच घटका उरल्या आहेत. थांबा."

"पाच घटकांत मानसं जेवून डुलकी काढत्यात, म्हाराज. तवर जनावर ऱ्हाईल व्हय?"

"बाई, म्हैस तुमची आहे. काळ तुमचा नाही."

असं बोलून त्यांनी जयसिंगाला वाटीपुढं बसवलं, बुडेल तशी थाळी वाजवायला सांगितली आणि स्वतः विहिरीवर स्नानाला गेले. आम्ही सात गडी उभे होतो. म्हशीकडं बघणारा एक नाही. सातही जण वाटीकडं.

बायडाबाई ओरडली, "अवं, दावं तुटतंय, धरा की सगळी!"

सगळे धावले. तिनं कनवटीचं दाभण काढून वाटीच्या बुडातल्या भोकात घातलं, दोनदा फिरवलं. मी बघितलं. बोललो नाही, शहाण्यानं दोन्हीकडं बरं असावं.

जयसिंग परत बसला. वाटी गडप. टण! पुन्हा सोडली. टण! पाचवा टोला पडला तेव्हा भट धोतर पिळीत आले.

"इतक्यात?"

"पाच भरल्या, म्हाराज," बायडाबाई म्हणाली. "वाटी खोटी व्हय तुमची?"

भटांनी घंगाळात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. सांजचं लग्न याच वाटीवर लागायचं होतं.

"वाटी खोटी कशी असेल? आम्ही विहिरीवर जप केला. भद्रा आवरती घेतली."

बायडाबाई कुणाच्या हुकमाला थांबली नाही. कोपरापर्यंत हात घातला, दुमडलेला पाय सरळ केला आणि दोघा गड्यांनी पारडू ओढलं. पारडी निघाली, नाक शिंकरलं. म्हैस वळून चाटू लागली.

लोक भटांच्या पाया पडले. बायडाबाई विहिरीवर रगत धुवायला गेली. तिला कुणी वाट दिली नाही, गर्दी फार होती.

आता आमच्याकडं म्हैस अडली की बायडाबाईला हाक जात नाही. माणूस कसब्यात धाडतात, भद्रा आवरायला. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, भटांचं जेवण व्हायचं. तोवर म्हशीनं कळ दाबून धरायची असते.