न बांधलेलं विमान

पहाट होत होती. हिमशिखरांच्या निळसर सावल्या सरोवरावर पसरल्या होत्या. देवदारांच्या काळ्याहिरव्या रांगा काठाशी मुक्या उभ्या होत्या, आणि धुकं, सायीसारखं पातळ, लाजरं धुकं, पाण्यावरून अलगद सरकत होतं. त्या रजतशांत, आरस्पानी पाण्यावर एक पिवळं विमान तरंगत होतं. चाकांच्या जागी दोन निमुळत्या होड्या ल्यालेलं. अर्धं पाखरू, अर्धी नाव.

आणि संध्याकाळही होत होती. कोकणातल्या एका खाडीकाठी, दोन खोल्यांच्या घरावर केशरी ऊन कलत होतं, झावळ्या काळवंडत होत्या, तुळशीपुढची पणती अजून लागायची होती. पहाट होती ती संगणकाच्या काचेत. संध्याकाळ होती ती घरात. आणि दोघींच्या मधे, प्लास्टिकच्या खुर्चीत, विश्राम तांडेल बसले होते.

जन्मभर त्यांनी खाडीतली लाँच चालवली. ऐलतीर, पैलतीर. भरती, ओहोटी. मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, हळदओल्या नवऱ्या. सगळ्यांना त्यांनी काठाला लावलं. मग एका सकाळी अंगाची डावी बाजू ओहोटीच्या पाण्यासारखी निघून गेली. ती भरतीला परतली नाही.

लेक केतकी कॅनडाहून धावत आली, आणि जाताना संगणकावर विमान उडवायचा हा खेळ मांडून गेली. "उजवा हात तरी हलता राहू दे, बाबा. आणि हे बघा, हे पाण्यावरून उडतं. तुमच्याच कुळातलं आहे." विश्रामनी विमान वळवायची ती दांडी हातात घेतली. इतक्या मायेनं त्यांनी उभ्या संसारात बायकोचा हात धरला नव्हता. मनोरमाबाईंनी ते पाहिलं, आणि डोळ्यांतल्या पाण्याचा आळ कांद्यावर घातला.

किती दिवस ते विमान बुडत राहिलं! आरशासारख्या पाण्याचा तळही दिसत नाही नि त्यावरून उंचीही कळत नाही. वरचं आभाळ आणि खालचं आभाळ यांच्या मधे नेमकं पाणी कुठे, तेच उमगत नाही. कधी पंख तुटला, कधी नाक रुतलं. पण आज, आज ते बगळ्यासारखं उतरलं. केतकीच्या गावच्या सरोवरावर. पाण्यावर दोन शुभ्र रेघा ओढत, हळू, हळू, लाकडी धक्क्याला येऊन लागलं.

आणि तिथेच सगळं अडलं.

"अहो, दुपारचं ताट तसंच झाकलेलं आहे. उठा आता."

"कसा उठू? बांधलेलं नाही."

"खेळातलं विमान ते. कुठं जातंय?"

"वारा आहे." त्यांनी बोट काचेकडे केलं. "सुटलं की गेलं."

आणि खरंच, ते सुटत होतं. धक्का आणि होडी यांच्यामधे पाण्याची एक काळी फट उघडत होती, वीतभर, हातभर. विश्राम इंजिन चालू करत, विमान पुन्हा काठाला आणत. पुन्हा वारा. पुन्हा फट. कळफलकावरची सारी बटणं त्यांनी दाबून पाहिली होती. दिवे लागत होते, दार उघडत होतं. दोर निघत नव्हता. पृथ्वीवरचे सगळे डोंगर त्या खेळात घालणाऱ्यांना हातभर सुंभ सुचला नव्हता. आणि धक्क्यावर माणूस नव्हतं. घरं होती, झाडं होती, पहाट होती. दोर झेलायला कुणी नव्हतं.

पूर्वी असायचं. फ्रॉकातली केतकी धक्क्याच्या टोकाला उभी असायची. विश्राम दोर भिरकावायचे, ती तो छातीशी कवटाळून ओरडायची, "धरला, बाबा!" मगच लाँचचं इंजिन थांबायचं. मगच दिवस मावळायचा.

मनोरमाबाईंनी व्हिडिओ कॉल लावून अडचण सांगितली. पलीकडे केतकी, तोंडात ब्रश, नुकती उठलेली.

"बाबा, पॉज दाबा ना! सगळं जागच्या जागी थांबतं."

"वारा कसा थांबेल गं? येडी का काय!"

मनोरमाबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचा आवाज तिथल्या अंधाराएवढा खाली आला. "पाय सुजलेत गं त्यांचे. पोटात कण नाही. माझं ऐकेनात. मी काय करू, सांग."

पलीकडे नळ बंद झाला.

"आई, मला त्यांच्यासमोर धर."

फोन काचेशेजारी टेकला. सरोवराशेजारी लेकीचा चेहरा आला. दोन्हीकडे एकच पहाट होती.

"बाबा, आलेय मी धक्क्यावर. टाका."

विश्रामनी तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात, तो एकुलता एक जिवंत हात, दांडीवरून उचलला, खांद्यामागे नेला आणि संधिप्रकाशात भिरकावला. हातात काहीच नव्हतं. तरी ते हवेतून गेलं. खाडीवरून, माडांवरून, सात समुद्रांवरून गेलं.

"धरला, बाबा!" शेवटचं अक्षर फुटलं, भिजलं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

मग ते जेवले. चार घास, गार भाताचे, गार कालवणाचे. मनोरमाबाईंनी त्यांना खांद्याचा आधार देऊन खाटेवर नेलं, सुजलेल्या पायांखाली उशी सारली. "ते बंद नको करू," ते पुटपुटले. "ती दोर धरून उभी आहे."

पणती लावून मनोरमाबाई काचेपुढे आल्या. सरोवरावर सोनकेशरी ऊन पडलं होतं. धुकं विरलं होतं. आणि ती फट उघडत होती. वीतभर. हातभर. वावभर. त्यांना ना दांडी धरता येत होती, ना बटणं कळत होती.

"बांधलेलं आहे ना गं?" खाटेवरून झोपाळू हाक आली.

"आहे हो. घट्ट."

त्यांनी तळवा काचेवर ठेवला. पीठ मळून मऊ झालेला, हळदीचा वास असलेला तळवा. काच कोमट होती. आणि त्या तळव्याखालून, बोटांच्या फटींतून, पिवळं विमान निःशब्द निसटत राहिलं. काठापासून दूर, हाकेपासून दूर, उन्हानं भरलेल्या, रुंद होत जाणाऱ्या पाण्यावर.