एकाच कार्ब्युरेटरची बॉनव्हिल

कॉव्हेंट्रीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये हिलरी दिवंगत वडिलांची जुनी ट्रायम्फ मोटारसायकल न्याहाळत होती. इंजिनावरचा नंबर बॉनव्हिल मॉडेलचा. बॉनव्हिलला जास्त ताकदीसाठी दोन कार्ब्युरेटर असतात; इथे मात्र ट्रॉफी मॉडेलसारखा एकच होता. कार्ब्युरेटर ज्यावर बसतो ते इंजिनाचं हेडही ट्रॉफीचंच!

"आई, हे कुणी बदललं?"

"आम्हीच," चहा पुढे करत विनिफ्रेड म्हणाली. "दोन कार्ब्युरेटर जुळवताना दर रविवारी तुझ्या बाबांचं डोकं फिरायचं. मला ते काम आवडायचं. मग माझ्या ट्रॉफीचं हेड त्यांना दिलं, त्यांचं मी घेतलं."

आई मोटारसायकल चालवायची, हे हिलरीला ठाऊकच नव्हतं. "मग चढावर पुढे कोण असायचं?"

"मी. वर पोचले की त्यांची वाट बघत बसायचे."