जोंधळ्याचं पातेलं

नागूबाईच्या चुलीवरची शेवटची भाकर माणसाची नसायची. ती जोंधळ्याची. परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ बोटांनी पुसून घेत ती थापायची, आणि थापता थापता आपसूक तिच्या ओठांवर यायचं,

परातीचं पुसून घेते शेवटचं बाई पीठ,
ह्याच भाकरीवर जागे माझ्या दाराचा गं धीट.

जोंधळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. हुरडा सरून कणसं पिवळी पडतात, तसल्या रंगाचा. चिटगुप्प्यापासून कोसभर आत शेतातलं घर, घरात माणसं तीन. नागूबाई, तिचा लेक तानाजी आणि सून विजयश्री. तानाजी बीदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात कामाला होता. आठवडाभर बीदरात खोली करून राहायचा, शनिवारी गावाकडं यायचा. मधले सहा दिवस दोन बाया आणि एक कुत्रं.

विजयश्री औशाकडची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ह्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी होती, पण उंबरा ओलांडला की कन्नड. पहिल्या वर्षी कुणीतरी तिला काही विचारलं, तिनं भलतंच उत्तर दिलं, आणि नळावरच्या बाया आठ दिवस हसत होत्या. तेव्हापासून तिनं एक युक्ती धरली. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "आय्त्री." बरं हो, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर दीड वर्ष निभलं. नागूबाई तर भावकीत सांगत सुटली, "माझ्या सुनेला समदं कळतंय. डोकंच तसं हाय तिचं." हे ऐकलं की विजयश्री पदर सावरायची आणि कामाला लागायची.

त्या हिवाळ्यात जोंधळ्या वाळायला लागला. फासळ्या मोजता याव्यात असा. अंगावरचे केस जागोजागी गेले. तानाजीनं बीदरहून कुत्र्याच्या दाण्यांची पिशवी आणली. पिशवीवर चकाकत्या केसांचा कुत्रा, आत चिंचोक्याएवढे खडखडीत दाणे. जोंधळ्यानं ते मिटक्या मारत खाल्ले, पण पिशवी पंधरवड्यात तळाला गेली.

"तुपाच्या भावानं कुत्रं पोसायलाव आपुन," नागूबाई म्हणाली. "त्याचा बाप भाकर अन् ताकावर बारा वर्सं जगला."

"अव्वा, निस्ती भाकर पुरत न्हाई आता, अशक्तपणा आलाय त्याला," तानाजी म्हणाला. "डाक्टरला दाखवा. काय घालायचं, काय न्हाई ते इचारून या. आन् विजू, अव्वाला संगं ने."

"त्यांचा गुडघा दुखतोय. मी जाते की एकली," विजयश्री म्हणाली. "मला येतंय की कन्नड."

हे शेवटचं वाक्य आपण कशाला म्हटलं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

गावातल्या भीमण्णाच्या टमटममध्ये जोंधळ्याला घालून ती चिटगुप्प्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलायच्या. मागं म्हशी, शेळ्या आणि त्यांच्या धन्यांची रांग. डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. ज्वारी, तांदूळ, अंडं, भोपळा ही नावं तिला लागली. शिजवण्याची खूण कळली. मीठ-तिखट नको, हे हाताच्या झटक्यावरून कळलं. मग बाईंनी आवाज चढवून, बोट नाचवून काहीतरी बजावलं. त्यातला एक शब्द तिनं धरला, "...गड्डी हाकब्याड्री." घालू नका. काय घालू नका? गड्डी. बाजारात बटाट्याला आलूगड्डी म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे बटाटा.

"गोत्तायतेन्री?" बाईंनी विचारलं. कळलं ना?

हिंदीत विचारलं असतं तर त्यांनी हिंदीत सांगितलं असतं. पण मागच्या रांगेतल्या दोन बाया नळावरच्याच होत्या. विजयश्रीनं मान डोलावली.

"आय्त्री."

घरी येऊन तिनं सांगितलं, "ज्वारीच्या कण्या, भोपळा, एखांदं अंडं. सकाळी शिजवलं की दिवसभर पुरतंय. बटाटा तेवढा घालायचा न्हाई म्हनल्या."

"बटाट्यानं काय हुतंय?" नागूबाईनं विचारलं.

"वात धरतोय म्हनं."

हा वात तिनं पदरचा जोडला.

जुन्या जर्मनच्या पातेल्यात ती कण्या शिजवायला लागली. घरचा भोपळा, घरच्या कोंबडीचं अंडं. खर्च नाही, खटपट नाही. पण फिक्कं अन्न जोंधळ्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग विजयश्रीला सुचलं. पडवीत घरच्या रानातल्या कांद्याचा ढीग पडून होता. चार कांदे चिरून थेंबभर तेलात लालसर परतले आणि कण्यांत ढवळले. जोंधळ्यानं पातेलं चाटून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी पाच. तिला इतका आनंद झाला की तिनं तानाजीला फोन करून सांगितलं. नागूबाई कौतुकानं बघत होती. आपली शेवटची भाकर मात्र ती अजून थापायचीच, आणि सून आत गेली की हळूच त्याच्यापुढं टाकायची.

तीन आठवडे झाले आणि जोंधळ्या बसला. आधी नुसता सुस्त. मग शेजारचा चन्नवीर फाटकातून आला तरी उठेना. चन्नवीर म्हणाला, "काय रं, पेन्शन घेतलीस काय?" तरी कान हलेना. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या.

रविवारी तानाजीनं अंगणात भाकरीचा वाळला तुकडा बघितला आणि भडकला.

"अव्वा, ही डाक्टरनं सांगितल्यालं करून घालायलीय, आन् तू शिळंपाकं टाकायलीस? मारायचंय का त्याला?"

त्या संध्याकाळी नागूबाईनं परातीतलं उरलेलं पीठ तसंच पाण्यात घातलं. ओवी आली नाही. विजयश्रीला सासूची थोडी कणव आली, आणि थोडं, अगदी पिठाच्या चिमटीएवढं, बरंही वाटलं.

सोमवारी कांद्याचा व्यापारी बंडेप्पा टेम्पो घेऊन दारात आला. विजयश्री अंगणात एकटी होती.

"उळ्ळागड्डी अदावेन्री, अक्का?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, हा बटाटे विचारायलाय. ती म्हणाली, "न्हाई बा, आमच्याकडं न्हाईत."

बंडेप्पा हसला. सरळ पडवीत गेला, ढिगात हात घातला, एक कांदा उचलून त्याची सालं चोळली आणि तिच्यापुढं धरला. "अन् हे काय हाय, अक्का? उळ्ळागड्डी न्हाई तर रामफळ हाय?"

विजयश्रीच्या हातातला झाडू तिथंच थांबला. उळ्ळागड्डी. डॉक्टरीणबाईंचं नाचतं बोट तिच्या डोळ्यांपुढं आलं. आलूगड्डी नव्हे. उळ्ळागड्डी. बाजारातून कधी कांदा आणावाच लागला नाही, घरचाच. म्हणून तो शब्द तिच्या कानावरून कधी गेलाच नव्हता. आणि गेला असेल, तेव्हा तिनं मान डोलावली असेल.

त्या दिवसापासून पातेल्यात कांदा पडला नाही. एवढंच तिनं केलं. सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं की त्या दिवशी कळलंच नव्हतं, आणि मग की दोन वर्षांतलं निम्मं कळलेलं नव्हतं. आता कांदा बंद आहे, होईल बरा, असं ती स्वतःला समजावत राहिली. मंगळवार गेला, बुधवार गेला. नागूबाई जोंधळ्याजवळ बसायची, पण अंतर राखून. हात त्याच्या डोक्यापर्यंत न्यायची आणि मागं घ्यायची, जणू तिच्या हातालाच विष होतं. एकदा रडत म्हणाली, "माझ्याच भाकरीनं झालं बाई. म्हाताऱ्या मानसानं ऐकायला पायजे हुतं." विजयश्री समोर भांडी घासत होती. तिनं राखेचा हात आणखी जोरात चालवला.

गुरुवारी जोंधळ्याची लघवी चहाच्या काढ्यासारखी लाल-काळी झाली. तानाजी रजा टाकून आला. जोंधळ्याला पोत्यावर घालून भीमण्णाच्या टमटममधून तिघं दवाखान्यात गेले. ह्या वेळी गुडघा दुखत असूनही नागूबाई पुढं चढून बसली.

डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, डोळ्याची पापणी ओढली. चेहरा उतरला त्यांचा. कन्नडमध्ये विचारलं, खायला काय घातलं? नीट सांगा. त्यावरच औषध ठरेल.

नागूबाई पुढं झाली. खाली मान घालून म्हणाली, "नाने हाकीनी. हळसिद रोट्टी." मीच घातली, शिळी भाकर. एवढं कन्नड विजयश्रीला कळलं. नको होतं तेव्हा नेमकं कळलं.

बाईंनी मान हलवली. भाकरीनं असं होत नाही. आणखी काय?

नागूबाईनं लेकाकडं बघितलं, लेकानं भिंतीकडं. जोंधळ्याचा श्वास टेबलावर भरभर चालला होता. मागं रांग उभी होती, शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. विजयश्रीला वाटलं, मराठीत सांगावं, सासूबाई कन्नडमध्ये सांगतील पुढं. म्हणजे तिचं पाप त्यांच्याच तोंडानं बोलवायचं. चार दिवस त्यांच्या डोक्यावर ठेवलं, आता जिभेवरही ठेवायचं.

"नानु," ती म्हणाली. "नानु... उळ्ळागड्डी... नानु हाकिद. दिना. मूरु वारा."

मी कांदा घातला, रोज, तीन आठवडे. पण ‘हाकिद’ म्हणजे ‘त्यानं घातला’. रांगेतली एक बाई फिसकन हसली. "कौन डाला? मरद डाला?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पसरला. विजयश्रीचे कान तापले, पण ती थांबली नाही. छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाली, "नानु. नानु." मग हाताची पाच बोटं दाखवली. दिवसाला पाच.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दख्खनीत म्हणाल्या, "कांदे से खून टूटता अम्मा कुत्ते का. पहलेच बोली थी ना मैं? समझा नहीं तो फिर पूछना था." मग सलाईन लावलं, दोन सुया दिल्या, गोळ्या लिहून दिल्या. जगेल का, विचारल्यावर म्हणाल्या, आता कारण कळलंय, एवढा आठवडा निघाला तर वाचेल. तानाजीनं चिठ्ठी घेतली. आईच्या नजरेला नजर न देता तो औषधाच्या दुकानाकडं गेला.

परतीच्या वाटेवर तानाजी पुढं भीमण्णाजवळ बसला. मागं जोंधळ्याचं डोकं नागूबाईच्या मांडीवर होतं. आता ती त्याला हात लावत होती. टमटमच्या खडखडाटात तिनं सुनेकडं न बघता विचारलं,

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"व्हय."

"मी रडायलते तवा तू भांडी घासायलतीस."

दोन्ही अंगाला तुरीची धसकटं मागं पळत होती. नागूबाईनं जोंधळ्याच्या कानामागची गोचीड काढली, नखावर चिरडली.

"आन् काय काय कळलं नव्हतं?" तिनं विचारलं. "दोन वर्सांत?"

आधी विजयश्रीला वाटलं, काही नाही म्हणावं. मग ती सांगायला लागली. भावकीतल्या बारशात एका म्हातारीनं दिलेला आशीर्वाद कळला नव्हता. देवळातल्या पुजाऱ्यानं काय विचारलं ते कळलं नव्हतं. आणि चन्नवीरची आई. "श्रावणात त्या नळावर माझ्याजवळ काहीतरी बोलल्या. पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं, हसायल्यात. म्हनून मी बी हसले. आय्त्री म्हनले."

नागूबाईचा हात थांबला.

"बहीण गेल्याची खबर आलती तिला त्या दिवशी," ती म्हणाली. "म्हनून ती आपल्या दारात येत न्हाई. मला वाटलं, बांधावरनं रुसलीय."

विजयश्रीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. नागूबाईनं ते काढलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. घराचं फाटक दिसायला लागलं तेव्हा एवढंच म्हणाली,

"सांजच्याला जाऊ तिच्याकडं. मी संगं येते. पन बोलायचं तू. चुकू दे, हसू दे तिला, पन तूच."