मी उतरूनच चालणार

माझ्या घोड्याचा, डीकनचा, उजवा डोळा मार्चमध्ये काढावा लागला, आणि तेव्हापासून मला सल्ले द्यायचा परवाना सगळ्या गावाला मिळाला. पोस्टातली बाई म्हणाली, आता त्याला कुरणात सोडून दे. चर्चमधल्या दोघी म्हणाल्या, सतरा वर्षांचा झाला ना, बिचारा. बिचारा हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. सतरा वर्षांचा घोडा बिचारा, तर बासष्ट वर्षांची मी कोण?

कॉलीन मात्र काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. कॉलीन रॅस्क ही माझी तीस वर्षांची मैत्रीण. आमच्या घोडेस्वारीच्या क्लबच्या गुणांच्या स्पर्धांत ती परीक्षक असते. त्या स्पर्धांत पहिलं येण्यासाठी पळायचं नसतं. ठरलेल्या वेळात पंचवीस मैल जायचं, फार लवकर नाही, फार उशिरा नाही, आणि वाटेत कुठल्या तरी जुनिपरच्या झाडामागे परीक्षक पॅड घेऊन बसलेले असतात. चढावर पुढे झुकलीस का, ओंडका ओलांडताना लगाम ओढलास का, घोडा ट्रेलरला नीट बांधलास का, सगळ्याला गुण. मला ते आवडायचं. बावीस वर्षं मी त्यांच्या शेऱ्यांचे कागद आणून फ्रिजवर लावले. लाइल, माझा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लोक नातवंडांची चित्रं लावतात, आमच्याकडे हिच्या चुका."

ऑगस्टच्या स्पर्धेत वाट कड्यावरून होती. डावीकडे दगडाची भिंत, उजवीकडे खाली नदीपर्यंत काहीच नाही. आणि उजवीकडचंच डीकनला दिसत नाही. मी खाली उतरले, दोर हातात घेतला आणि त्याच्या पुढे चालू लागले. क्लबचा नियम असा, की पुढे जायचं ते खोगिरावर बसूनच. उतरून चाललात की तुमची स्पर्धा संपली. नियम मला पाठ होता. वळणावर दगडाआड कॉलीन बसली होती.

"डोर्ला, चढ," ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही चढत."

"अगं, मी अजून काही पाहिलेलं नाही. ही बघ, खाली मान घातली. चढ पटकन."

"मान वर कर, कॉलीन. नीट बघ आणि लिही."

मी तिच्यासमोरून चालत गेले. डीकननं जाताना तिची टोपी हुंगली.

संध्याकाळी तळावर ती आमच्या ट्रेलरपाशी आली. मी चिलीच्या रश्श्याचं पातेलं ढवळत होते. तिनं खुर्ची ओढली आणि पॅड मांडीवर ठेवलं.

"खोगिराचा तंग सैल झाला म्हणून उतरलीस, असं लिहिते. खोगीर सारखं करायला उतरलेलं चालतं."

"तंग सैल नव्हता."

"मला माहितीये गं."

"मग?"

"मग काय मग? क्लबच्या हिशेबात त्याच्या दोन हजार मैलांना हेच पंचवीस कमी पडतायत. बिल्ला मिळेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि मग घरी ठेव त्याला सुखानं. खूप केलं त्यानं. बस झालं आता."

आलं एकदाचं पोटातलं ओठावर. पाच महिने ती हेच गिळून बसली होती.

"बस झालं हे कोणी सांगितलं तुला? त्यानं?"

"तुला उतरावं लागलं ना? मग आणखी कोणी सांगायचं?"

"मी उतरले. तो थांबला नाही," मी म्हटलं. "लिही, उतरून चालली. आणि ही घे नंबराची बंडी. पुढच्या महिन्यात मी लांब पल्ल्याच्या शर्यतीत जाणार. तिथं उतरून चाललेलं चालतं."

कॉलीन हसली, पण चांगलं नाही. "पन्नास मैल? तिथं कशी बसलीस ते कोणी विचारत नाही, खरंय. पण बारा तासांत आली नाहीस तर तू आलीच नाहीस असं धरतात."

"धरू देत."

ती गेल्यावर लाइलनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "रागानं मीठ दोनदा घातलंस," म्हणाला, आणि तरीही दोन वाट्या खाल्ल्या.

लांब पल्ल्याच्या लोकांचं सगळं सुटसुटीत. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात. तुम्ही वेळेत आलात का, आणि घोडा पुढे जायच्या लायक आहे का. वाटेत दोन मुक्कामांवर आणि शेवटी घोड्यांचे डॉक्टर अरेगी घोड्याचे ठोके मोजणार, पोटाला कान लावणार, दुडक्या चालीनं पळवून बघणार आणि सांगणार, लायक आहे, किंवा नाही. सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. अरबी घोड्यांवरच्या पोरी धुरळा उडवत गेल्या आणि पुन्हा दिसल्याच नाहीत. सपाटीवर डीकन मस्त दुडकत होता, डावा कान पुढे, उजवा माझ्याकडे. जिथं जिथं वाट उजवीकडून तुटलेली, तिथं मी उतरले. पस्तीस मैलांपर्यंत डॉक्टरांनी दोनदा पाहून दोनदा तेच सांगितलं होतं, लायक आहे.

तिथल्या मुक्कामावर टेस नावाची तिशीची एक बाई भेटली. तिच्या घोड्याचा नाल निघाला होता, म्हणून ती मागे पडलेली.

"अहो, तुम्ही गुणांच्या स्पर्धांत का नाही जात?" ती म्हणाली. "राग मानू नका, पण या चालीची मंडळी तिकडेच असतात."

"तिकडूनच आले."

"का?"

"तिकडे चालू देत नाहीत."

पाच वाजता आठ मैल उरले होते आणि दीड तास. मधले दोन मैल पुन्हा कड्याचे, पुन्हा दरी उजवीकडे. टेस मागून आली. "माझ्या मागे लागा, खाली उतरू नका, दोघीही पोचतो," म्हणाली.

मी क्षणभर लगाम धरून बसले. डीकन गेला असता. मी म्हटलं असतं तर त्या कड्यावरून दुडकत गेला असता, कारण तो माझं ऐकतो, आणि मला भीती होती ती नेमकी तीच. त्याला न दिसणारी बाजू घड्याळासाठी त्याच्या जिवावर सोडायची माझी तयारी नव्हती.

"तू जा," मी टेसला म्हटलं आणि उतरले.

माझ्या गुडघ्यांनी त्या दोन मैलांना पाऊण तासाच्या वर घेतला. अर्ध्या वाटेत मी रडले. दुःख वगैरे नव्हतं, निव्वळ संताप होता. कॉलीनवर, टेसवर, घड्याळावर, त्या बिनकामाच्या गुडघ्यांवर. डीकन मागून माझ्या पाठीला नाक लावत येत होता.

कडा संपल्यावर मी चढले आणि उरलेलं अंतर तो दुडकत आला. शेवटच्या रेषेपाशी टेबल मांडून कॉलीन बसली होती. ती वेळ नोंदवायला येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"सहा एक्केचाळीस," ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली. "अकरा मिनिटं उशीर. तुझं नाव यादीत येणार नाही, डोर्ला."

"बरं."

तिनं ते लिहिलं, आणि या खेपेला दुसरं काही सुचवलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

लाइलनं खोगीर उतरवलं. डॉक्टर अरेगी सामान गाडीत टाकत होते. मी डीकनला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"डॉक्टर, याला बघा."

"अहो, वेळ गेली. आता तपासून कागदावर काही चढणार नाही."

"कागद राहू दे. घोडा बघा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कानांत नळी अडकवली. ठोके बावन्न. हिरड्या पाहिल्या, पोटाला कान लावला, पाठीवरून, चारही पायांवरून हात फिरवला.

"पळवून दाखवा."

मी झुडपापर्यंत पळाले आणि परत आले. त्याला पळणं म्हणायचं तर म्हणा.

"दोघांपैकी एकजण लंगडतंय," डॉक्टर म्हणाले.

"तो नाही ना?"

"नाही. तो नाही."

"मग सांगा की. दिवसभर प्रत्येकाला सांगताय ते."

"लायक आहे पुढे जायला," ते नळी गुंडाळत म्हणाले.

वीस पावलांवर कॉलीन टेबलाचे पाय मिटत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं सांगा."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठ्यानं सांगितलं.